टेक्निकल रायटरला 'पर्सनल ब्रँड' कशाला हवा?

चिंचवडकर (धागालेखक):
गेल्या आठवड्यात लिंक्डइनवर एक पोस्ट फिरत होती. टेक्निकल रायटरने रोज काहीतरी लिहून टाकावं, फॉलोअर वाढेपर्यंत नोकरीला अर्जच करू नये, ज्याचा ब्रँड नाही त्याला यापुढे काम नाही, असा एकूण सूर. वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

आपण टेक्निकल रायटर लिहितो त्या मॅन्युअलवर कंपनीचं नाव असतं, आवृत्ती क्रमांक असतो. आपलं नसतं, आणि नसावंच. मी पंप-कॉम्प्रेसरची मॅन्युअल लिहितो. एका जुन्या आवृत्तीत 'कव्हरचे बोल्ट काढा' ही पायरी पानाच्या तळाशी होती आणि 'आतला दाब शून्यावर आल्याची खात्री करा' हा इशारा पान उलटल्यावर. म्हणजे फिटर तो वाचणार बोल्ट निघाल्यावर! मी इशारा पायरीच्या आधी आणला, शेजारी दाबमापकाचं चित्र टाकलं. माझ्या दृष्टीने वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम ते. पण सगळं एनडीएखाली, म्हणजे गुप्ततेच्या करारात. दाखवू कुणाला? रोज पोस्टी टाकणाऱ्यांनी असं एक तरी पान लिहिलंय का, हे कुणी विचारतं का?

मुळशीचा पाऊस:
साफ असहमत. एनडीएमागे किती दिवस लपणार? मी मराठी माध्यमातली, ओळखीचं कुणी आयटीत नाही. प्रत्येक अर्जात पोर्टफोलिओचा रकाना यायचा आणि मी तिथेच अडायचे. शेवटी कुबरनेटीस या सगळ्यांना खुल्या सॉफ्टवेअरच्या डॉक्समध्ये, म्हणजे माहितीच्या पानांत, हात घातला. एका पानावरची कमांड चालायला नेमस्पेस (त्यातला वेगळा कप्पा) आधी तयार लागते, पण पानावर त्याचा उल्लेखच नव्हता. सीएलएवर, म्हणजे योगदानाच्या करारावर, सही केली, पीआर (बदलाचा प्रस्ताव) टाकला. रिव्ह्यूअर म्हणाला, ही सूचना पायरीत नको, 'सुरू करण्यापूर्वी'मध्ये घाला. मी वाद घातला, मग पटलं, बदललं. नंतर मुलाखतीत समोरच्या बाईंनी तीच चर्चा स्क्रीनवर उघडली आणि त्यावरच प्रश्न विचारले. मला काम त्या पीआरने दिलं, पोस्टने नाही. पण नाव उघड्यावर होतं म्हणूनच दिलं ना?

दुसरी पाळी:
मुलं लहान असताना नोकरी सोडली, आता परत शोधतेय. रात्री साडेदहाला ओटा आवरून कुबरनेटीसचे पीआर कोण टाकणार? पण माझं दुखणं वेगळंच आहे. ब्रँड राहू द्या, भरतीच्या वेळच्या फुकटच्या असाइनमेंटवर बोला! एका कंपनीने मला त्यांच्याच एपीआयची (दुसऱ्या प्रोग्रॅमना जोडून घ्यायची सोय) डॉक्स लिहायला लावली. ऑथेंटिकेशन, एरर कोड, क्विक स्टार्ट (झटपट सुरुवात करून देणारं पान), सगळं. शनिवार-रविवार गेले. उत्तर नाही, फोन नाही. पुढे त्यांच्या साइटवर माझाच क्विक स्टार्ट दिसला, उदाहरणातली व्हेरिएबलची नावंसुद्धा माझीच. ही उघड चोरी आहे.

चिंचवडकर:
+१. हा अनुभव निम्म्या लोकांना असेल.

बाणेर फाटा:
मी भरती करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर पोर्टफोलिओतले नमुने सगळे सारखेच गुळगुळीत झाले. कुणाला लिहिता येतं हे ओळखायचं कसं? मी तासाभराची चाचणी देतो, काल्पनिक उत्पादनावर. त्याला राबवून घेणं म्हणणार असाल तर अवघड आहे.

दुसरी पाळी:
तुमच्या घड्याळातला एक तास. आधी विषय समजून घ्यायचा, टूल बसवायचं, मग लिहायचं, तपासायचं. इंजिनियरला चाचणी देता तेव्हा निदान समोर बसून कोड बघता. आमचं लिखाण मेलवर मागवायचं आणि पोच द्यायचीही तसदी नाही? पैसे द्या, मग हव्या तेवढ्या चाचण्या घ्या.

बाणेर फाटा:
पोच न देणाऱ्यांचा राग माझ्यावर काढू नका. मी प्रत्येकाला उत्तर देतो. मानधनासाठी आमच्याकडे खर्चाचं खातंच नाही.

दुसरी पाळी:
मग पाडून घ्या. रेफरल बोनसला बरं खातं सापडतं.

बाणेर फाटा:
ठीक. मोठ्या चाचणीला मानधन हवं, एवढं मान्य करतो. तासाभराच्या चाचणीला नाही.

मुळशीचा पाऊस:
धागा भरकटला, तरी एक विचारते. ज्याचे पीआर उघड दिसतात त्यालाही चाचणी देता का?

बाणेर फाटा:
नाही. रिव्ह्यूअरशी झालेली चर्चा वाचली की माणूस कसा विचार करतो ते कळतं.

मुळशीचा पाऊस:
झालं तर. फुकट असाइनमेंटवरचा उपाय यातच आहे.

श्टुटगार्टहून:
इकडे फॉलोअर कुणी विचारत नाही. टेकॉम ही टेक्निकल रायटरांची जर्मन संघटना १९७८ पासून आहे, तिचं प्रमाणपत्र चालतं, या विषयात पदवीही मिळते. मशीनच्या मॅन्युअलचं काम असेल तर यंत्रांच्या सुरक्षेचा युरोपीय निर्देश २००६/४२/ईसी माहीत आहे का आणि त्याच्या जागी २०२७ च्या जानेवारीपासून लागू होणाऱ्या २०२३/१२३० या नियमाची तयारी काय, हे विचारतात. चिंचवडकरांनी तो इशारा हलवला, तेच इथे कसब. उलट अमेरिकेतल्या एसटीसी या अशाच संघटनेने २०२५ च्या जानेवारीत गाशा गुंडाळला. १९५३ पासूनची संघटना! संघटना मोडल्या की प्रत्येकाला आपापल्या नावाचा डंका पिटावा लागतो. त्या लिंक्डइन पोस्टचा राग मलाही आला, पण ती अशाच पोकळीतून आली आहे.

चिंचवडकर:
पीआरचं म्हणणं नाइलाजाने मान्य. रोज पोस्ट टाकण्याचं अजिबात नाही. पण असे पीआर टाकतात त्या गिटहब साइटवर सॉफ्टवेअर आहे, माझे पंप कुठे आहेत? चाकण-भोसरीत मॅन्युअल लिहिणाऱ्याने काय करायचं?

मुळशीचा पाऊस:
तुम्ही वर सांगितलेलंच करा. काल्पनिक पंप घ्या, मॉडेल नंबरही मनाचा. आधीचं पान आणि नंतरचं पान शेजारी ठेवा, इशारा का हलवला ते दोन ओळींत लिहा. कंपनीचं चित्र वापरू नका, हाताने रेखाटा. अशी तीन-चार पानं स्वतःच्या साइटवर पुरेत, फोटो आणि टॅगलाइन नसली तरी चालेल.

बाणेर फाटा:
असं पान आलं तर मी चाचणी न देता बोलावीन.

चिंचवडकर:
रविवारी बसतो. नाव मात्र खाली बारीक अक्षरात टाकणार.

दुसरी पाळी:
मीही त्या क्विक स्टार्टचा काल्पनिक एपीआयवर नमुना करते. आणि बाणेर फाटा, मानधनाचं एचआरला विचारून इथेच कळवा.