घरच्या व्यायामासाठी रॉड: साधा, बनवून घेतलेला की ऑलिम्पिक?

कापूसवाला_दारव्हा
राम राम मंडळी. दारव्ह्याजवळ खेड्यात राहतो. जिम तालुक्याला, वेचणीच्या दिवसांत जाणं होतच नाही. म्हणून घरामागच्या टिनाच्या शेडात (१० बाय १२ फूट) सामान मांडतोय. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) ७०, डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) ९० किलो. दुकानदार २८ एमएमचा साधा रॉड घ्या म्हणतो, वेल्डिंगवाले म्हणतात आम्ही बनवून देतो. बजेट १५ हजार.

बैठक_हिंगणघाट
भाऊ, आधी प्लेटचं छिद्र ठरवा. ऑलिम्पिक रॉडची स्लीव्ह, म्हणजे प्लेटा चढवायचं फिरतं टोक, ५० एमएमची, साध्या रॉडच्या प्लेटा त्यावर चढतच नाहीत. पुढे रॉड बदलला की सगळ्या प्लेटा बदलाव्या लागतात. माझे पैसे असेच दोनदा गेले.

बनवून घेऊ नका, हे कळकळीनं सांगतो. मी २५ एमएमच्या एमएस (साध्या मऊ पोलादाच्या) सळाखीचा बनवला होता. ११० किलो लावलेला रॉड रॅकच्या (रॉड ठेवायच्या स्टँडच्या) दांड्यावर आपटला आणि मधोमध वाकला तो वाकलाच. चांगल्या रॉडचं पोलाद वजनाखाली लवतं, वजन उतरलं की पुन्हा सरळ होतं. शिवाय साध्या रॉडवर प्लेटा मोकळ्या फिरत नाहीत, तो पीळ मनगटावर येतो. बुशिंगवाली (आत साधी धातूची कडी असलेली) स्लीव्ह तुम्हाला पुरे; जास्त मोकळ्या फिरणाऱ्या बेअरिंगचा जास्तीचा खर्च स्नॅच, क्लीन (झटक्यात रॉड वर घेण्याचे प्रकार) करणाऱ्यांनी करावा.

वजनाचंही पाहा. जाडीचा एमएममधला वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो. २८ एमएमचा ७ फुटी साधा रॉड जेमतेम १० किलो भरतो. ऑलिम्पिक २० किलोचा, २.२ मीटर लांब. वहीत २० धरून लिहीत असाल तर सगळे आकडे चुकतात.

जुना_आखाडा_परतवाडा
पोरा, मे महिन्यात टिनाखाली दुपारी लोखंडाले हात लावता येत नाई, पहाटेच कर. अन् त्या शेडात युरिया-डीएपीचे पोते असतीन तं पयले हलव. खताले ओल सुटते, लोखंड गंजते. पावसाळ्यात रॉडची जाळी (पकडीसाठी कोरलेली खरबरीत नक्षी) ब्रशनं झाडून शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवत जाय. खाली शहाबादी असन तं तडकन. गाई-म्हशीखाली टाकतेत ना, थे जाड रबराचे मॅट टाक.

कापूसवाला_दारव्हा
काका, खताची पोती तिथंच आहेत. आजच हलवतो. बैठकभाऊ, रॉड आल्यावर तपासायचा कसा? आणि १५ हजारांत बसेल का?

बैठक_हिंगणघाट
रॅकवर ठेवून मधला दांडा हातानं फिरवा. मधला भाग वरखाली होताना दिसला तर रॉड वाकडा आहे, घेऊ नका. ट्रान्सपोर्टवाल्याच्या कागदावर सही त्यानंतरच. स्लीव्ह हातानं फिरवून पाहा, अडखळायला नको. शेडात रॉड १२ फुटांच्या बाजूनं लावा. प्लेटा चढवायला दोन्हीकडे दोन-सव्वादोन फूट उरतात.

पैसे रॉडवर घाला, प्लेटा जुन्या चालतात. बंद पडलेल्या जिमच्या ५० एमएम छिद्राच्या शोधा. ७० किलो मिळाल्या की रॉड धरून तुमचे ९० झाले. फक्त घेताना कापसाच्या काट्यावर एकेक प्लेट तोला, छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

कापूसवाला_दारव्हा
काटा घरचाच आहे. यवतमाळला एका जिमचं सामान निघतंय म्हणे, रविवारी काटा घेऊनच जातो.