मदत हवी आहे: अण्णांना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) कुणी समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी,

अण्णा (वय ६४) कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) फेटलिंगला होते. कास्टिंग बाहेर आलं की ग्राइंडर आणि छिन्नी-हातोडा घेऊन दिवसभर कडा साफ करायच्या. कानात फार तर कापसाचा बोळा.

आता टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो, तरी म्हणतात बातम्यावाली पुटपुटतीय. माझं, दादाचं बोलणं कळतं, आईचं आणि नातीचं नाही. परवा आईनं पाट मागितला, हे ताट घेऊन आले. बरं, मोठ्यानं बोललं की "वरडू नको, बहिरा हाय का मी?"

डॉक्टरांनी मळ काढला, पडदा चांगला आहे म्हणाले, ऑडिओग्राम काढून "नसेचा बहिरेपणा, मशीन घ्या" एवढं सांगून मोकळे. रिपोर्टमध्ये दोन्ही कानांना ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४०, ४००० ला ७० आणि ८००० ला ५५. शुगरही आहे. मग हे वयानं, कारखान्यानं की शुगरनं? गोळ्यांनी सुधारेल का? शेजारच्या काकू लसणाचं तेल सोडा म्हणून मागं लागल्यात.

ऑडिओवाली:
तेल अजिबात नको. बिघाड पडद्याच्या आत, शंखात (आतल्या कानाच्या गोगलगायीसारख्या भागात) आहे, तिथवर तेल पोचतच नाही.

रिपोर्टमधले ५०० ते ८००० म्हणजे खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सूर, आणि पुढचा आकडा म्हणजे तो सूर किती मोठा केल्यावर ऐकू आला. आकडा जितका मोठा तितकी रेघ खाली. त्यातली मजेची जागा म्हणजे ४००० ला पडलेला खड्डा आणि ८००० ला परत वर आलेली रेघ. नुसत्या वयानं गेलेलं असतं तर रेघ ८००० ला आणखी खाली गेली असती. असा खड्डा बहुतेक वेळा गोंगाटाचा. शंखातल्या केसपेशी अतिआवाजानं मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, म्हणून गोळी नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. ग्राइंडर सहज ९५-१०० ला जातो. कापसानं आवाज फारसा अडत नाही. वय आणि शुगरनं भर घातलीच असेल, पण मूळ तिथलं.

पाट-ताटाचं उत्तरही याच रेघेत आहे. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. क, त, स, श हे वरच्या पट्टीतले, ते गळतात. बायका-मुलांचा आवाज वरचा, म्हणून आईचं कळत नाही. आणि अशा कानाला हळू आवाज येत नाही, मोठा मात्र एकदम टोचतो. तेव्हा ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला.

मशीन याच रेघेप्रमाणे सेट करून घ्या, दोन्ही कानांना. सगळंच सरसकट मोठं करणारं स्वस्तातलं घेतलं तर आठवड्यात ड्रॉवरमध्ये जाईल. पूर्वी टीबीची स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनची इंजेक्शनं झालीत का तेही विचारा, त्यांनीही कान जातात. एकाच कानात शिटी वाजते का? एक कान अचानक बंद पडला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडं, स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच.

उद्यमनगरकर:
गोंगाटानं येणारा बहिरेपणा जुन्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) व्यवसायजन्य, म्हणजे कामामुळं होणाऱ्या, आजारांतही आहे. निवृत्तीनंतर काय मिळतं ते ईएसआय ऑफिसातच विचारा. दिव्यांग दाखल्यासाठी मात्र सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) हेलपाटा घालू नका. दोन्ही कानांना ६० डेसिबल लागतात, अण्णांची सरासरी त्याच्या बरीच खाली आहे. बाकी कारखान्याला काय नावं ठेवायची, गणपतीत डॉल्बीपुढं नाचणारी आमची पोरंही त्याच वाटेवर आहेत.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. शिटी दोन्ही कानांत वाजते म्हणतात, रात्री जास्त. इंजेक्शनं कधी झाली नाहीत. ईएसआयचं जुनं कार्ड ट्रंकेत शोधतोय. मशीन घ्यायच्या आधी काही दिवस घरी वापरून बघायला देतात का कुणी?

ऑडिओवाली:
बरेच जण देतात, मागून घ्या. आणि आईला सोबत न्या, तिच्याच आवाजावर सेटिंग तपासा.