मदत हवी आहे: एमजीचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना नक्की कशामुळे बंद पडला?

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी एमजी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारवर लेख लिहितेय. २०१९ला हेक्टर आल्यापासून आपल्याकडे एमजी म्हटलं की हालोलचा कारखाना आणि चिनी मालकी एवढंच आठवतं. त्याआधीची दोन सीटची, उघड्या टपाची एमजी मराठीत नीट यावी असं मनापासून वाटतं. पण शेवटाशी येऊन अडलेय.

सुरुवात जुळली आहे. ऑक्सफर्डमधलं विल्यम मॉरिसचं मॉरिस गॅरेजेस, आणि तिथला मॅनेजर सेसिल किंबर. त्याने साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉडी चढवून विकायला सुरुवात केली. १९२९मध्ये बस्तान जवळच्या अ‍ॅबिंग्डनला हलवलं. युद्धात कारखाना रिकामा राहू नये म्हणून वरिष्ठांना न विचारता विमानाच्या भागांचं काम घेतलं, आणि १९४१ला त्याचीच नोकरी गेली. फेब्रुवारी १९४५मध्ये किंग्ज क्रॉसच्या रेल्वे अपघातात तो वारला. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या टीसी या मॉडेलने अमेरिकेला एमजीचं वेड लावलं, तेही स्टिअरिंग उजवीकडेच असताना! ती त्याने बघायला हवी होती.

आता अडचण एमजीबी या मॉडेलची. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या, बहुतेक निर्यात अमेरिकेला. १९७४मध्ये अमेरिकी बंपर-नियमांसाठी क्रोमचे बंपर काढून काळे, जाड रबरी बंपर लावले आणि गाडी इंच-दीड इंच उचलली. चांगली चिकटून वळणारी गाडी वळणावर झुकायला लागली. १९७७च्या मॉडेलला पुढे-मागे अँटी-रोल बार (वळणावरचा झुकाव कमी करणारे दांडे) दिल्यावर ती बरीच सावरली. मग सप्टेंबर १९७९मध्ये अ‍ॅबिंग्डनने कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा केला, आणि लगेचच्या सोमवारी, १० तारखेला, एमजीची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने तिथलं एमजीचं उत्पादन थांबवणार असल्याचं जाहीर केलं. हे वाचताना फार वाईट वाटलं.

कंपनी म्हणत होती की अमेरिकेत गाडीमागे ९०० पौंड तोटा होतोय. एमजीचे चाहते म्हणतात, लेलँडला तिची दुसरी स्पोर्ट्‌स कार, ट्रायम्फच जगवायची होती. एमजीला नवीन मॉडेलसाठी पैसाच दिला नाही. लेखात कोणत्या कारणाला किती वजन द्यावं? आणि अ‍ॅस्टन मार्टिनवाले कारखाना घ्यायला पुढे आले होते, ते का फिसकटलं?

शिवाय ऑक्सफर्डच्या आसपास कुणी राहत असेल तर शेवटच्या एमजीबीचा स्वतः काढलेला फोटो मिळेल का? अंकात नावासकट श्रेय देऊ.

प्रतिसाद

ताई, दोन्ही कारणं खरी आहेत, पण घाव पौंडाने घातला असं माझं मत. १९७६च्या शेवटी पौंड साधारण १.७० डॉलरला होता, १९८०च्या शरदात २.४०च्या घरात. उत्तर समुद्राचं तेल आणि चढे व्याजदर यांनी तो वर नेला. अमेरिकेत किंमत त्या प्रमाणात वाढवता येईना, म्हणजे त्याच गाडीचे पौंडात कमी पैसे हाती यायचे. ज्या गाडीचं मुख्य गिऱ्हाईकच अमेरिकेत, तिला हे कसं झेपणार?

चाहत्यांची तक्रारही लिहाच. १९६८मध्ये एमजी आणि ट्रायम्फ ब्रिटिश लेलँडच्या छपराखाली आल्या आणि नव्या स्पोर्ट्‌स कारचा पैसा ट्रायम्फ टीआर७कडे गेला. मात्र तीही १९८१मध्ये बंद झाली, हे वाक्य गाळू नका. नाहीतर वाचकाला वाटेल की एमजीचा बळी देऊन ट्रायम्फ वाचली.

अ‍ॅस्टन मार्टिनच्या अ‍ॅलन कर्टिस यांच्या गटाला पैसे उभे करता आले नाहीत. ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली.

फोटोचं मी बघतो. अ‍ॅबिंग्डनच्या काउंटी हॉल म्युझियममध्ये ती गाडी ठेवली आहे. पुढच्या शनिवारी जाऊन येतो. समोरून हवाय की बाजूने, तेवढं कळवा.