आगाशिवचा गोल स्तूप आणि जपानचा मजल्यांचा पॅगोडा, नातं काय?

कोयनाकाठ:
रविवारी पोरांना घेऊन कराडजवळच्या जखिणवाडीकडनं आगाशिवच्या लेण्यांना चढलो, साठाच्या वर लेणी आहेत तिथं. चैत्यगृहातला (प्रार्थनेच्या दालनातला) दगडी स्तूप बघून थोरली म्हणाली, पप्पा जपानचा पॅगोडा पण बौद्धांचाच ना, मग तो मजल्यामजल्यांचा आणि हा गोल कसा? जाणकारांनी जरा नीट सांगा, तिला लई उत्सुकता आहे.

मिरजकर:
दादा, पॅगोड्याचे मजले सोडा, शेंडा बघा. स्तूपात खाली मेधी म्हणजे ओटा, वर अंड म्हणजे घुमट, त्यावर चौकोनी हर्मिका, तिच्यातनं वर गेलेली यष्टी आणि यष्टीवर छत्र. छत्र हा राजाचा मान, तो बुद्धाला दिलेला. आता जपानचं होर्युजी मंदिर घ्या, पाच मजली लाकडी पॅगोडा, साधारण 32 मीटर, त्याच्या छपरावर धातूचा कळस आहे त्यात एक पालथं भांडं आणि वर नऊ कडी. भांडं म्हणजे आपलं अंड आणि कडी म्हणजे छत्रं, अख्खा स्तूपच छपरावर जाऊन बसलाय! खालचे मजले चीनच्या जुन्या मनोऱ्यांकडनं आले. स्तूपात ठेवतात तसे बुद्धाचे मानलेले अवशेष मात्र मधल्या खांबाच्या पायाशी जमिनीत. पाच मजले म्हणजे पंचमहाभूतं असंही सांगतात, मला तो अर्थ मागाहून जोडलेला वाटतो.

माणदेशी:
मनोऱ्यांचं पटतं पण पूर्ण नाही. छत्रावर छत्र चढत गेलं तेच मजले झाले असंही अभ्यासक म्हणतात. चीनमधला सोंग्यूए पॅगोडा बघा, विटांचा, बारा बाजूंचा, इ.स. 523 च्या सुमाराचा, एकावर एक पंधरा छज्जे, वर निमुळते होत गेलेले, अगदी उतरंडच.

मिरजकर:
बरोबर, दोन्ही धागे मिसळले असणार.

कोयनाकाठ:
भारी माहिती! मग आपल्या मुंबईतल्या गोराईचा विपश्यना पॅगोडा कुठल्या घराण्यातला?

माणदेशी:
तो ब्रह्मदेशातल्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर, उद्घाटन 2009 ला. जुना स्तूप भरीव असतो, आपण बाहेरनं प्रदक्षिणा घालतो, पण गोराईचा आतनं पोकळ, मधे एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून घुमट उभा केलाय आणि 8000 माणूस एका वेळी ध्यानाला बसू शकतं. मला हा बदल फार मोठा वाटतो, ज्याच्याभोवती फिरायचं त्याच्या पोटात जाऊन बसायचं.

वाईकर_ताई:
पोरीला लोहाऱ्याचं पालपेश्वर लेणंही दाखवा, वाईपासनं जवळच आहे. तिथल्या स्तूपाचं आता शिवलिंग झालंय, पूजा चालू असते, तेव्हा चपला बाहेर काढून जा.