ठाणे व महापे येथील छपाईचा करार: किमान पानांची अट किती मान्य करावी?

पोचपावती (ठाणे) यांचा प्रश्न

आमची कंपनी यंत्रांचे सुटे भाग पुरवते. मुख्य कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे, गोदाम महापे एमआयडीसीत आहे, आणि विक्री विभागातील बरेचसे सहकारी आठवड्यातून दोन-तीन दिवसच कार्यालयात येतात. दोन्ही ठिकाणी मिळून पाच निरनिराळ्या बनावटींचे 11 प्रिंटर आहेत. त्यांचे टोनर ज्याला लागेल तो किरकोळ खर्चातून आणतो, त्यामुळे छपाईवर वर्षाला नेमका किती खर्च होतो हे लेखा विभागालाही सांगता येत नाही.

आता एका पुरवठादाराने सगळी व्यवस्था आपल्याकडे घेण्याचा प्रस्ताव दिला आहे. यंत्रे, टोनर, ड्रम (टोनर कागदावर उमटवणारा भाग), सुटे भाग आणि दुरुस्ती त्यांची, कागद आमचा. काळ्या छपाईचा दर प्रतिपान 55 पैसे, दरमहा किमान 20,000 पानांचे बिल (कमी छापली तरी तेवढ्या पानांचे पैसे द्यायचे) आणि मुदत 36 महिने. गेल्या वर्षी आम्ही 390 रिम (500 कागदांचा एक गठ्ठा) कागद घेतला, म्हणजे महिन्याला सरासरी 16,250 कागद झाले. काही छपाई दोन्ही बाजूंनी होत असल्याने 20,000 पाने सहज भरतील, असे पुरवठादाराचे म्हणणे आहे. पुढच्या वर्षी माणसे आणि जागा दोन्ही कमी-जास्त होण्याची शक्यता असल्यामुळे करार लवचिक हवा, एवढे मला समजते. परंतु ही लवचिकता करारात नेमकी कुठे लिहून घ्यायची असते?

ऐरोलीकर यांचे उत्तर

रिमांवरून पानांचा अंदाज बांधू नका. विकत घेतलेला कागद आणि छापलेली पाने यांच्यामध्ये अडकलेले, फाटलेले, कच्च्या हिशेबाला वापरलेले आणि कपाटात पडून राहिलेले कागद असतात. प्रत्येक प्रिंटरवरून त्याच्या स्थितीचे पान छापता येते आणि त्यावर आजवरच्या एकूण पानांचा आकडा असतो. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी अकराही यंत्रांची ही पाने काढून दोन आकड्यांची वजाबाकी केलीत, तर पुरवठादाराच्या अंदाजावर विसंबून राहण्याची गरज उरणार नाही. शक्य असल्यास मार्चचा आणि पावसाळ्यातला असे दोन महिने मोजा, कारण वर्षअखेरीच्या घाईवर बेतलेली किमान अट पुढचे अकरा महिने भरत बसावी लागते.

प्रतिपान दराकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण माझ्या अनुभवात पैसे ‘पान’ या शब्दाच्या व्याख्येत जातात. दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद बहुधा दोन पाने धरला जातो आणि ए3 आकाराचे एक पान अनेक करारांत दोन पानांच्या दराने मोजले जाते. पत्रशीर्षावरचे बोधचिन्ह निळे असेल, तर खाली सगळा मजकूर काळा असूनही ते पान रंगीत ठरते आणि रंगीत पानाचा दर कित्येक पट असतो. आमच्या कार्यालयात पहिले तीन महिने हेच घडत होते. शेवटी सर्व संगणकांवर काळी छपाई हीच मूळ निवड ठेवली तेव्हा बिल जागेवर आले. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने काढलेली चाचणीची पाने बिलातून वजा होतील, हेही लिहून घ्या.

टोनरवर लिहिलेली पानांची संख्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 19752 क्रमांकाच्या मानकानुसार ठराविक चाचणी-पानावर मोजलेली असते आणि त्या पानाचा साधारण 5 टक्के भागच शाईने भरलेला असतो. तुमच्या याद्या आणि तक्ते त्याहून गडद असतील. प्रतिपान दरात ही जोखीम पुरवठादाराची असायला हवी, पण काही करारांत 5 टक्क्यांवरील शाईसाठी वेगळी आकारणी करण्याचे कलम मागच्या पानावर असते. ते काढायला लावा.

आता लवचिकतेविषयी. माझ्या मते ती तीन कलमांत असते. किमान पाने दरमहा न मोजता तिमाहीची किंवा वर्षाची एकत्र मोजावीत, म्हणजे मंद महिन्यातली तूट तेजीच्या महिन्यात भरून निघते. ठराविक मुदतीनंतर काही यंत्रे दंडाशिवाय परत करता यावीत आणि त्या प्रमाणात किमान संख्याही आपोआप उतरावी. तसेच ठाण्याचे यंत्र महाप्याला हलवायचे झाल्यास त्याचा खर्च कोणाचा, हे आधीच ठरलेले असावे. यांतले दुसरे कलम मिळवणे सर्वांत अवघड असते. पुरवठादाराने यंत्रांत पैसे गुंतवलेले असतात आणि त्यांचीही बाजू असते. त्यासाठी नव्याऐवजी चांगल्या स्थितीतली वापरलेली यंत्रे चालतील असे सांगून पाहा.

गोदामवाला यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे, पण दर ठरवण्यापूर्वी गोदामात बिलाच्या किती प्रती निघतात ते पाहा. जीएसटीच्या नियम 48 नुसार मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात आणि बहुतेक ठिकाणी सवयीने चौथीही छापली जाते. मात्र 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरील उलाढालीला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) बंधनकारक आहे आणि अशा बिलांना तीन प्रतींची ती अट लागू होत नाही. वाहतुकीत अशा बिलाचा क्यूआर कोड मोबाइलवर दाखवता येतो, ई-वे बिलाचा (मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीचा) क्रमांकही पुरतो. तुमच्या सीएंकडून एकदा खात्री करून घ्या. उरते ती ग्राहकाची प्रत आणि शिक्का मारून परत येणारी पोच.

गोदामातले यंत्र निवडताना जाहिरातीतला महिन्याचा कमाल भार पाहू नका, उत्पादकाने शिफारस केलेला मासिक वापर पाहा. दोन्हींत फार अंतर असते. पावसाळ्यात उघडी रिम रात्रभर बाहेर राहिली की कागद ओलावा धरतो, वाकतो आणि अडकतो, आणि मग तंत्रज्ञाला बोलावण्यात दिवस जातो. रिम झाकणाच्या डब्यात ठेवणे हा उपाय कुठल्याही करारात सापडणार नाही.

जुना लेखापाल यांचे उत्तर

सगळीच यंत्रे कराराखाली देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पगारपत्रके आणि बँकेची कागदपत्रे ज्या यंत्रावर निघतात ते स्वतःच्या मालकीचे असावे. मोठ्या बहुउपयोगी यंत्रांत बऱ्याचदा साठवण असते आणि तिच्यात छापलेल्या किंवा स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा राहू शकतात. भाड्याचे यंत्र परत जाताना ती साठवण पुसून तसे लेखी देण्याची अट घाला. आठवड्यातून दोनच दिवस येणाऱ्या सहकाऱ्यांसाठी पिन टाकल्यावरच पान बाहेर येईल अशी व्यवस्था ठेवा. ट्रेमध्ये बेवारस पडणारे कागद त्याने पुष्कळ कमी होतात.

पोचपावती यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. जुलै महिना पूर्ण मोजला. एकूण 14,200 पाने झाली. त्यांतली 8,700 एकट्या महाप्याच्या गोदामातली आहेत आणि वागळे इस्टेटमधल्या तीन यंत्रांवर महिनाभरात शंभर पानेसुद्धा निघाली नाहीत. जुलै आमचा मंदीचा महिना असतो हे धरले, तरी 20,000 पानांचे 11,000 रुपये भरून प्रत्यक्ष दर पानामागे साडेसत्याहत्तर पैसे पडला असता.

गोदामात 1,500 बिलांच्या चार-चार प्रती निघतात. आम्हाला ई-इनव्हॉइस लागू आहे आणि सीएंनी दोन प्रती पुरेशा असल्याचे सांगितले आहे. म्हणजे आणखी 3,000 पाने वाचतील आणि त्याच कराराखाली उरलेल्या 11,200 पानांचा दर 98 पैशांवर जाईल. जितकी बचत करू तितके पान महाग होणार. म्हणून ती तीन यंत्रे काढून टाकत आहोत, लेखा विभागाचा प्रिंटर आमच्याकडेच राहील, आणि पुरवठादाराला तिमाहीला 24,000 पानांची किमान अट मागितली आहे. दर 55 ऐवजी 65 पैसे होईल असे ते म्हणतात. मला ते मान्य आहे. यंत्रे परत करण्याच्या कलमावर मात्र बोलणी अजून अडलेली आहेत.