मदत हवी आहे: पतसंस्थेच्या पोर्टलसाठी वेब सिक्युरिटी स्कॅनर कोणता घ्यावा?

धागालेखक

सभासद पोर्टल आहे. पुढे ब्राउझरमध्ये चालणारं रिअ‍ॅक्ट, मागे लारावेलचा (पीएचपीची चौकट) एपीआय, म्हणजे पडद्याला डेटा पुरवणारा भाग, डेटाबेस मायएसक्यूएल, समोर क्लाउडफ्लेअर (येणाऱ्या रिक्वेस्ट गाळणारी सेवा). लॉगिन मोबाइल नंबर आणि ओटीपीने. भूमिका तीन: सभासद, शाखा अधिकारी, प्रशासक. दीड महिन्यांनी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून ऑडिट आहे, त्याआधी घरच्या घरी तपासून घ्यायचंय.

स्टेजिंगवर (पोर्टलची चाचणीसाठीची प्रत) झॅप या फुकट स्कॅनरचा क्विक स्कॅन लावला. १४ यूआरएल सापडल्या आणि सगळ्या सूचना हेडरबद्दलच्या (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी). निक्टो या दुसऱ्या फुकट स्कॅनरने उलट 'बॅकअप फाइल सापडली' छापाच्या ओळींचा ढीग घातला. खरं कोणाचं मानायचं? आणि बर्प किंवा अ‍ॅक्युनेटिक्स हे स्कॅनर विकत घेण्यात अर्थ आहे का? बजेट बेताचं आहे.

लॉगवाचक

दोघांचंही मानू नका. दोन्ही चुकांचं मूळ एकच, सिंगल पेज अ‍ॅप, म्हणजे एकच पान उतरवून बाकी सगळं ब्राउझरमध्ये रंगवणारं अ‍ॅप.

स्टेजिंगच्या पत्त्यापुढे काहीही अचाट लिहून बघा, उदाहरणार्थ आंबाडाळ१२३.झिप. ४०४ (सापडलं नाही) न येता २०० (सापडलं) आलं आणि उत्तराचा आकार मुखपृष्ठाएवढाच असला, तर सर्व्हर न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला इंडेक्स.एचटीएमएल देतोय. अशा सर्व्हरपुढे २०० पाहून फाइल आहे असं मानणारी प्रत्येक चाचणी फसते. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये झिप, एसक्यूएल, बॅक, ईएनव्ही या शेपट्यांना सरळ ४०४ द्या आणि निक्टो फक्त एपीआयच्या डोमेनवर चालवा.

झॅपचं दुखणं उलटं. त्याचा साधा स्पायडर (पानं शोधत फिरणारा भाग) एचटीएमएलमधल्या लिंका वाचतो आणि रिअ‍ॅक्टच्या पानात असतो एक रिकामा डिव्ह, म्हणजे मोकळा डबा. एजॅक्स स्पायडर खरा ब्राउझर उघडून क्लिक करतो, त्याने आकडा वाढेल. पण तुमचा माल एपीआयमध्ये आहे. स्क्राइब या लारावेलच्या पॅकेजने ओपनएपीआय फाइल (एपीआयच्या पत्त्यांची यादी) काढा आणि झॅपच्या एपीआय स्कॅन स्क्रिप्टला ती द्या. मग शोधाशोध उरतच नाही.

ओटीपी ऑटोमेट करायच्या भानगडीत पडू नका. स्टेजिंगवर तिन्ही भूमिकांचे सँक्टम टोकन (लारावेलमधली लॉगिनची किल्ली) काढा आणि ऑथरायझेशन हेडर म्हणून झॅपला द्या. तीन टोकन, तीन स्वतंत्र स्कॅन. लॉगआउटचा पत्ता आधी वगळा, नाहीतर स्कॅनर तिथे जाऊन स्वतःचंच टोकन रद्द करून घेईल आणि पुढचा सगळा स्कॅन दाराबाहेरून होईल.

रात्रपाळी

वरच्याला जोड. रिपोर्ट उघडायच्या आधी सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग उघडा आणि स्कॅनच्या वेळेतले स्टेटस कोड मोजा.

४०१ जास्त: टोकन गेलं. ४१९: लारावेलचं सीएसआरएफ (परक्या साइटवरून आलेली रिक्वेस्ट अडवणारी तपासणी), म्हणजे कुकीवर स्कॅन चाललाय, टोकनवर नाही. ४२९: थ्रॉटल, म्हणजे रिक्वेस्टच्या संख्येवरची मर्यादा. लारावेलच्या जुन्या साच्यात एपीआयला मिनिटाला ६० रिक्वेस्टची मर्यादा आयती येते. अ‍ॅक्टिव्ह स्कॅन एवढ्या रिक्वेस्ट सेकंदा-दोन सेकंदांत संपवतो, उरलेल्या आत पोचतच नाहीत. आणि लॉगमध्ये रिक्वेस्टच कमी दिसल्या तर क्लाउडफ्लेअरने बाहेरच अडवल्या. स्कॅनरच्या आयपीला मोकळीक द्या किंवा होस्ट्स फाइलमधून थेट मूळ सर्व्हर गाठा. तुमचा कोरा रिपोर्ट यातल्याच कशाने तरी आला असावा.

झॅप डॉकरमध्ये (वेगळ्या बंद कंटेनरमध्ये) चालवत असाल तर 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः. हेही अर्धा दिवस खातं.

सुरू करण्यापूर्वी डेटाबेसचा डंप घ्या, मेलचा ड्रायव्हर 'लॉग' करा (म्हणजे मेल बाहेर न जाता लॉगमध्ये पडेल) आणि ओटीपी पाठवणारा पत्ता वगळा. नाहीतर एसएमएसचं पाकीट तासाभरात रिकामं. झॅप 'प्रोटेक्टेड' मोडमध्ये ठेवा, म्हणजे स्कोपबाहेर हल्ला होत नाही.

न्यूक्लिआय हा तयार साच्यांवर चालणारा स्कॅनर जरूर घ्या. उघडी पडलेली ईएनव्ही फाइल (पासवर्ड वगैरे सेटिंग असलेली), चालू राहिलेला डीबग मोड, असल्या ओळखीच्या चुकांना तो उत्तम. पण त्याचा मूळ वेग सेकंदाला १५० रिक्वेस्टचा आहे, छोट्या सर्व्हरवर १० ते २० वर आणा. जोडीला कंपोझर ऑडिट आणि एनपीएम ऑडिट (वापरलेल्या लायब्ररींतल्या माहीत असलेल्या त्रुटी दाखवणारे), दोन्ही फुकट आणि मिनिटभराचं काम.

धागालेखक

एसक्यूएलमॅप (डेटाबेसच्या क्वेरीत घुसता येतं का ते पाहणारं साधन) लेव्हल ५, रिस्क ३ वर लावू का? आणि बर्पचं राहिलंच.

अर्धविराम

रिस्क ३ अजिबात नको. त्यात 'ऑर' जोडणाऱ्या चाचण्या येतात. पॅरामीटर जर अपडेट क्वेरीच्या 'व्हेअर'मध्ये जात असेल, तर अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि एका सभासदाचा पत्ता सगळ्यांना चिकटतो. सिलेक्टमध्ये चालून जातं, पण आत काय आहे हे बाहेरून कळत नाही.

एलोक्वंट, म्हणजे लारावेलचा डेटाबेसशी बोलणारा भाग, बहुतेक क्वेरी बाइंड करूनच (मूल्यं क्वेरीपासून वेगळी ठेवून) पाठवतो. म्हणून आधी कोडमध्ये व्हेअररॉ, ऑर्डरबायरॉ, डीबी-रॉ ही कच्ची एसक्यूएल घेणारी फंक्शनं शोधा. जिथे वापरकर्त्याकडून आलेला मजकूर स्ट्रिंगमध्ये जोडलेला दिसेल, तेवढेच पॅरामीटर एसक्यूएलमॅपला द्या. लेव्हल २, रिस्क १ पुरे.

बर्पच्या फुकट आवृत्तीत स्कॅनर नाही. रोज बसून हाताने तपासणारा कोणी असेल तर प्रोचं एक लायसन्स वसूल होतं, नसेल तर झॅप पुरेसा आहे. अ‍ॅक्युनेटिक्स एका पोर्टलसाठी जड होईल.

आता खरी भीती. ओडब्ल्यूएएसपी या वेब सुरक्षा संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत पहिला नंबर तुटलेल्या अ‍ॅक्सेस कंट्रोलचा (कोणी काय पाहावं यावरच्या बंधनाचा) आहे आणि नेमकं तेच स्कॅनरला उमगत नाही. १०४२ नंबरचं खातं कोणाचं, हे त्याला कोण सांगणार? दोन सभासद घ्या. पहिल्याने आपला खातेउतारा उघडला की ती रिक्वेस्ट पकडा, टोकन दुसऱ्याचं लावा, पुन्हा पाठवा. ४०३ (परवानगी नाही) किंवा ४०४ आलं तर ठीक. २०० आणि आत उतारा आला तर भोक. मग हेच सभासदाच्या टोकनने प्रशासकाच्या पत्त्यांवर. बर्पचं ऑथराइझ एक्स्टेन्शन फुकट आवृत्तीतही हे आपोआप करतं, फक्त जायथन (जावावर चालणारं पायथन) जोडावं लागतं.

पीडीएफ विसरू नका. उतारे 'स्टोरेज'च्या सार्वजनिक फोल्डरमध्ये पडत असतील, तर पत्ता माहीत असलेल्या कोणालाही टोकनशिवाय मिळतात. इन्कॉग्निटो खिडकीत पत्ता टाकून बघा.

धागालेखक

लॉग मोजला. जवळजवळ सगळे ४२९. थ्रॉटल काढून, तिन्ही टोकन देऊन पुन्हा लावतोय.

रात्रपाळी

थ्रॉटल फक्त स्टेजिंगवर आणि फक्त स्कॅनपुरतं काढा. ऑडिटरला तोच स्टेजिंग देणार असाल तर त्याआधी परत लावा. ओटीपी तपासणाऱ्या पत्त्यावर मर्यादा नसली की सहा आकडी ओटीपी एकामागून एक घालून पाहता येतो, आणि ते ऑडिटर पहिल्याच दिवशी करून बघतात.