मदत हवी आहे : गणपतीची आरती आणि आमचा सात वर्षांचा लेक

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

लेक सात वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. आम्ही पुण्यात एरंडवण्यात राहतो, म्हात्रे पुलापासून चालत पाच मिनिटांवर. घरात मी, नवरा, सासूबाई आणि लेक. आठवड्यातून दोनदा ऑक्युपेशनल थेरपी, एकदा स्पीच. तो बोलतो, पण स्वतःची वाक्यं कमी. कुठेतरी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याच सुरात म्हणतो.

आमच्याकडे गौरींबरोबर गणपती जातात. गौरीजेवणाला पंचवीसेक माणसं असतात. गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या आरतीला लेक सासूबाईंचा पदर धरून उभा होता. झांजा सुरू झाल्या आणि तो म्हणाला, "कृपया दरवाजा बंद कीजिए." आमच्या लिफ्टमधलं वाक्य. दोघंतिघं कौतुकाने हसले. तो परत म्हणाला. तिसऱ्यांदा ओरडून म्हणाला, आणि मग त्याने मनगटाच्या वर स्वतःचा हात चावला तो सोडेचना. आरती थांबवावी हे कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही. मी त्याला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं, तेव्हा हात सुटला. दातांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये उभी असताना मला उलगडा झाला. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची आहे. दार नीट लागेपर्यंत ती बाई ते वाक्य म्हणत राहते, दार लागलं की गप्प होते. म्हणजे त्याच्या लेखी हे वाक्य आवाज बंद करायचं आहे. तो आम्हाला तीनदा सांगत होता. तेव्हापासून ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वापरतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला सहन होत नाही. मग्न कुठे होता तो? खोलीतलं सगळं आमच्यापेक्षा जास्त त्याच्या कानावर येत होतं.

आता यंदाचे गणपती तोंडावर आलेत. नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी पहिला ठोका पडला की हा कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जाऊन बसतो, अंगावर सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली जड गोधडी ओढून. तीच लागते, दुसरी चालत नाही.

नात्यातल्या एकांनी सुचवलं की त्या दिवसांत त्याला माझ्या बहिणीकडे ठेवावं. सासूबाई ताडकन म्हणाल्या, "माझ्या घरचा गणपती आणि माझाच नातू बाहेर?" मला भरून आलं. पण त्यांचं म्हणणं असंही आहे की रोज आरतीला उभा केला की होईल सवय. नवरा म्हणतो, यंदा कोणाला बोलवायलाच नको. मला दोन्ही पटत नाही. त्याला गणपती आवडतो. मूर्ती घरी आली की सोंडेवरून बोट फिरवत बसतो, आणि सासूबाई वाती वळायला बसल्या की शेजारी बसून एकेक वात ओळीत लावतो.

तुमच्याकडे आरतीचं काय करता? कानावर लावायचे आवाज अडवणारे हेडफोन आणलेत, पण त्यांची सवय लागून कान आणखी नाजूक होतील अशी भीती वाटते. आणि सासूबाईंना न दुखवता कसं सांगायचं?

प्रतिसाद १

ताई, माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तुम्ही लिहिलेली ती संध्याकाळ आमच्याकडे बारशात झाली होती.

आम्ही टाळ-झांजा बंद केल्या. नुसत्या टाळ्या, त्याही हलक्या, आणि एकच आरती. ती झाली की मुलगी प्रसाद घेते आणि आपल्या खोलीत जाते. मग ज्यांना पाचही आरत्या साग्रसंगीत म्हणायच्या असतात ते दार लोटून म्हणतात. पहिल्या वर्षी कुजबुज झाली, दुसऱ्या वर्षी लोक स्वतःच झांजा बाजूला ठेवायला लागले.

आधी चित्रांची पट्टी करा. गणपती आले, पाहुणे आले, आरती, मोदक, आपली खोली, अशी क्रमाने, शक्यतो घरचेच फोटो. पंधरा दिवस आधीपासून रोज दाखवा. पुढे काय होणार हे कळलं की निम्मी धास्ती जाते. आणि 'आपली खोली' हे चित्र पट्टीवर हवंच. बाहेर पडायची वाट आहे हे माहीत असलं की मूल जास्त वेळ थांबतं.

ते लिफ्टचं वाक्य मोडू नका. तो ते म्हणाला की लगेच आवाज थांबवा, आणि तेव्हाच त्याच्या वतीने "आवाज नको" असं म्हणा. माझी मुलगी याच वाटेने स्वतःच्या वाक्यावर आली, वेळ लागला.

वेगळा विषय, पण विचारते : अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तींचं सरकारी ओळखपत्र) केलंय ना? २०१६च्या अपंग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. राहिलं असेल तर सणानंतर लगेच मार्गी लावा.

प्रतिसाद २

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हेडफोनची भीती पूर्ण चुकीची नाही. दिवसभर घातले तर साधे आवाजही जड जायला लागू शकतात. म्हणून आरती, मिरवणूक, सराव एवढ्यापुरते वापरा, आणि त्याच्या हाताशी ठेवा. काढायचे कधी, घालायचे कधी, हे त्याच्याच हातात असू द्या. शांत वेळी खेळताना आधी सवय करा, ऐन आरतीत पहिल्यांदा डोक्यावर चढवू नका.

"रोज उभा केला की सवय होईल" हे मात्र या बाबतीत उलटं पडतं. असह्य झालेल्या आवाजात धरून ठेवलं तर पुढच्या वेळी नुसत्या तयारीनेच तो घाबरेल. सवय करायचीच असेल तर आरतीचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी बारीक लावा आणि आवाजाचं बटण त्याला द्या. त्याच्या थेरपिस्टशीही बोला, त्या त्याला जवळून ओळखतात.

तरीही भडका उडालाच तर त्या वेळी समजावू नका, प्रश्न विचारू नका. दिवा मंद करा, माणसं कमी करा, ती गोधडी द्या आणि नुसतं जवळ बसा. तो हट्ट नसतो. आवाजाचा भार त्याच्या सोसण्यापलीकडे गेलेला असतो.

प्रतिसाद ३

मी आजोबा आहे, म्हणून सासूबाईंपुरतं लिहितो. त्यांना 'सांगू' नका, विचारा. "आई, त्याला झेपेल अशी आरती कशी करू या?" म्हणून निर्णय त्यांच्या हाती द्या. घरातलं वडील माणूस पाहुण्यांना म्हणालं की "आमच्याकडे यंदा झांजा नाहीत," तर कोणी पुढे विचारत नाही. तेच सुनेने सांगितलं तर चर्चा होते. हे बरोबर नाही, पण आहे असं.

आणि पोराला काम द्या. वाती ओळीत लावतो म्हणता, तर दूर्वांच्या जुड्या त्याच्याकडेच सोपवा.

प्रतिसाद ४

मी ढोलपथकात वाजवतो. नदीकाठी या आणि सराव किती वाजता सुरू होतो, किती वाजता संपतो ते विचारा, कोणीही सांगेल. ती वेळ तुमच्या चित्रांच्या पट्टीवर घाला. तुमच्या घराच्या दिशेला तोंड करून वाजवत असतील तर जागा थोडी बदला म्हणून सांगा. आम्हाला कोणी येऊन सांगत नाही म्हणून कळत नाही, ताई.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. दाखल्याचा अर्ज अर्धवट भरून ठेवलाय, तो पूर्ण करते.

काल रात्री सासूबाईंना विचारलं, आजोबा म्हणाले तसं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठून देव्हाऱ्याखालचा डबा काढला आणि झांजांची जोडी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायला माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "सासऱ्यांच्या आहेत, नीट ठेव."

आज सकाळी दूर्वा आणून त्याच्यापुढे ठेवल्या. सासूबाईंनी एक जुडी बांधून दाखवली. त्याने ती सोडली, मोजली, वीसच होत्या. एक दूर्वा उचलून आत घातली आणि दोरा त्यांच्या हातात परत दिला. नंतरच्या अकरा जुड्या दोघांनी मिळून बांधल्या.

नदीकाठी आज संध्याकाळी जाऊन येते. गौरीजेवणाच्या पंचवीस माणसांचं मात्र अजून सुचत नाहीये. दोन पंगतींत, वेगवेगळ्या वेळी बोलावलं तर चालेल का? कोणी केलंय का असं?